श्रद्धा कुणाची, किंमत कुणी मोजायची?

"धर्म घरी ठेवून कामावर या." हे वाक्य आपल्याकडे सुशिक्षित माणसे इतक्या सहज बोलतात, की त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटतच नाही. उलट बाजूचे वाक्यही तितकेच तयार असते : "माझी श्रद्धा हा माझा हक्क, त्यात संस्थेने पडू नये." डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, समाजकार्यकर्ते घडवणाऱ्या संस्थांत धर्मावरून वाद झाला की ही दोन वाक्ये एकमेकांवर आदळतात आणि चर्चा तिथेच संपते. मला दोन्ही उथळ वाटतात, आणि एकाच कारणाने. दोन्हींत फक्त विद्यार्थी आणि संस्था दिसतात. ज्याच्यासाठी हे सगळे शिक्षण चालले आहे तो खाटेवरचा रुग्ण, समोरच्या खुर्चीत येऊन बसलेला क्लायंट, दोन्हींत कुठेच नाही.

माझे म्हणणे असे आहे. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला विद्यार्थ्याच्या वागणुकीची कठोर परीक्षा घेण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण त्याच्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचा अजिबात नाही. या दोहोंतली रेघ कुठे ओढायची हे ठरवताना एकच प्रश्न विचारावा : या श्रद्धेची किंमत कोण मोजतो आहे? श्रद्धा बाळगणारा स्वतः मोजत असेल तर संस्थेने वाट मोकळी करावी. समोरचा असहाय माणूस मोजत असेल तर तिथल्या तिथे थांबवावे. आणि विद्यार्थी अजून शिकतो आहे हे विसरू नये. ज्याला शिकवायला घेतले त्याला न शिकवताच बाहेर काढणे, हे संस्थेचेच अपयश आहे.

दोन विद्यार्थी

या वादाची दोन प्रकरणे जगभर अभ्यासली जातात. त्यांच्याकडे नीट पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिले अमेरिकेतले. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी ईस्टर्न मिशिगन विद्यापीठ आहे. तिथे ज्युलिया वॉर्ड ही विद्यार्थिनी शालेय समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होती. गुण उत्तम, शिक्षण शेवटच्या टप्प्यात. २००९ च्या जानेवारीत प्रात्यक्षिकासाठी तिला एक क्लायंट नेमून दिला गेला. फाइल वाचताना तिच्या लक्षात आले, की या व्यक्तीने पूर्वी समलैंगिक नात्याबाबत समुपदेशन घेतलेले आहे. भेटीला दोन तास उरले होते. आपल्या ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे अशा नात्याला दुजोरा देणे आपल्याला जमणार नाही, हा क्लायंट दुसऱ्या कुणाकडे सोपवावा का, असे तिने पर्यवेक्षिकेला विचारले. क्लायंट दुसऱ्याकडे गेला. वॉर्डवर मात्र शिस्तभंगाची कारवाई झाली आणि मार्चमध्ये तिला काढून टाकण्यात आले. जानेवारी २०१२ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने झालेला निर्णय फिरवला. त्या वेळची व्यावसायिक आचारसंहिता काही प्रसंगी क्लायंट दुसऱ्याकडे पाठवू देत होती. मग फक्त हिच्याच वेळी ते निषिद्ध कसे, हा न्यायालयाचा मुख्य सवाल होता. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले.

दुसरे इंग्लंडमधले. फेलिक्स एन्गोले शेफील्ड विद्यापीठात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते. केंटकी राज्यातल्या किम डेव्हिस या काउंटी क्लार्क बाईंनी समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने द्यायचे नाकारले आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. सप्टेंबर २०१५ मध्ये या घटनेवर फेसबुकवर चर्चा चालू होती. एन्गोले यांनी त्यात बायबलचा हवाला देत समलैंगिकता हे पाप आहे असे लिहिले, आणि सौम्य शब्दांत लिहिले नाही. विद्यापीठाच्या समितीने त्यांना व्यवसायास अपात्र ठरवून अभ्यासक्रमातून काढले. जुलै २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि प्रकरण नव्या समितीपुढे पाठवले. एन्गोले यांनी कुणाशी भेदभाव केल्याचा कोणताही पुरावा नव्हता. धार्मिक मत मांडणे म्हणजे भेदभाव करणे नव्हे, हे न्यायालयाने स्पष्ट केले.

मला व्यक्तिशः दोघांचीही मते चूक वाटतात, आणि ज्यांच्याबद्दल ती आहेत त्यांना ती जखम करतात. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद मला न पटणाऱ्या माणसांच्या बाजूने आहे.

पहिली पायरी : कर्व्यांना जो न्याय, तोच एन्गोलेंना

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि उघडपणे प्रचार सुरू केला. मिशनऱ्यांच्या कॉलेजला ते सहन होईना. प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा अशी वेळ आली आणि १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली. त्यांनी गणित वाईट शिकवले अशी तक्रार नव्हती. वर्गात विद्यार्थ्यांना संततिनियमनाचे धडे दिले अशीही नव्हती. वर्गाबाहेर मांडलेल्या मतांवरून वर्गातली लायकी ठरवण्यात आली.

आज कर्व्यांच्या बाजूने उभे राहायला कुणाला धाडस लागत नाही. पण त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे आपले कारण कोणते? त्यांची मते बरोबर होती म्हणून, की शिक्षकाची लायकी त्याच्या शिकवण्यावरून ठरवावी म्हणून? पहिले कारण असेल, तर आपण स्वातंत्र्याची बाजू घेतलेली नाही, आपल्या पक्षाची घेतली आहे. दुसरे असेल, तर तोच न्याय एन्गोले यांनाही लागू होतो, त्यांची मते आपल्याला कितीही टोचली तरी.

यावर काही जण म्हणतील, की कर्वे काळाच्या पुढे होते आणि एन्गोले मागे आहेत. असेल. पण कोण पुढे आणि कोण मागे हे त्या क्षणी संस्थेला ठाऊक असते, असे इतिहास सांगत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या अधिकृत यादीत समलैंगिकता १९७३ पर्यंत विकार म्हणून नोंदलेली होती. त्या काळी व्यवसायाचे अधिकृत मत हेच होते आणि त्याविरुद्ध बोलणारा विद्यार्थी 'अव्यावसायिक' ठरला असता. आपल्याकडे तर फार मागे जायला नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२४ च्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकाच्या प्रकरणात स्त्रियांमधील समलैंगिक संबंध पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'च्या यादीत आले होते. समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही असे ठरवणारा नवतेज जोहर खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने देऊन तोवर सहा वर्षे झाली होती. ओरड झाल्यावर आयोगाने तो मजकूर मागे घेतला. ओरडणाऱ्यांत डॉक्टर होते. मतभेद उघड बोलण्याची मुभा नसती, तर ते गप्पच बसले असते. आचारसंहिता माणसेच लिहितात आणि त्यांच्या काळाचे पूर्वग्रह तिच्यात उतरतात. तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यांना आत राहू देणे ही व्यवसायाचीच गरज आहे.

दुसरी पायरी : वागणूक कुठे सुरू होते

मत मोकळे ठेवले म्हणजे वागणुकीलाही मोकळीक मिळाली असे नाही. जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा स्टेट विद्यापीठाच्या जेनिफर कीटन या विद्यार्थिनीचे प्रकरण इथे उपयोगी पडते. तीही समुपदेशन शिकत होती. समलैंगिक विद्यार्थ्यांना आपण बदलायचा प्रयत्न करू, असे तिने बोलून दाखवले होते. विद्यापीठाने तिला लगेच काढले नाही. सुधारणेचा कार्यक्रम आखून दिला, तो तिने नाकारला. डिसेंबर २०११ मध्ये अकराव्या सर्किटच्या न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला.

हे प्रकरण एन्गोलेंपेक्षा वेगळे का? एन्गोले यांनी आपले मत सांगितले. कीटनने समोरच्या माणसाशी आपण काय करणार ते सांगितले. ती तिच्या भावी वागणुकीची घोषणा होती आणि तिची किंमत एखाद्या भेदरलेल्या पोराने मोजली असती. समलैंगिकता 'बरी' करण्याचा दावा करणारे उपचार हे भारतातही व्यावसायिक गैरवर्तन आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ते तसे जाहीर केले. तिथे श्रद्धेची सबब चालू नये.

तरीही ऑगस्टाच्या त्या सुधारणा कार्यक्रमातली एक गोष्ट मला खटकते. त्यात समलैंगिकांच्या प्राइड परेडला जाण्याची सूचना होती. समुपदेशकाने क्लायंटचे ऐकून घ्यायला शिकावे, आपला निवाडा त्याच्यावर लादू नये, ही अपेक्षा रास्त आहे. मिरवणुकीत जाऊन ये आणि काय वाटले ते लिहून आण, हे सांगणे म्हणजे मनात शिरणे आहे.

वॉर्डचे काय? त्या दोन तासांत तिने योग्य तेच केले असे माझे मत आहे. तिने क्लायंटला खुर्चीत बसवून कपाळावर आठी आणली नाही. आधी विचारले, वेळेत विचारले, वरिष्ठांना विचारले. त्या दिवशी कुणालाही किंमत मोजावी लागली नाही. म्हणून तिला काढून टाकणे चूक होते. पण ती शालेय समुपदेशक होणार होती, आणि एखाद्या शाळेत समुपदेशक एकच असतो. तिथे पंधरा वर्षांचे पोर दार ढकलून आत येते तेव्हा 'दुसरीकडे पाठवणे' याचा अर्थ त्याला परत पाठवणे एवढाच होतो. तेव्हा हे काम तिला शिकावेच लागेल, हा विद्यापीठाचा आग्रह बरोबर होता. आग्रह बरोबर, शिक्षा चूक. अमेरिकन समुपदेशन संघटनेने पुढे २०१४ मध्ये संहिता बदलली आणि केवळ स्वतःच्या मूल्यांपायी क्लायंट दुसऱ्याकडे पाठवू नये असे स्पष्ट लिहिले. क्रम असाच हवा. आधी नियम लिहावा, तो शिकवावा, मग तपासावा.

तिसरी पायरी : सूट कशातून आणि कशातून नाही

भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, आणि त्याच वाक्यात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य या मर्यादाही आहेत. 'आरोग्य' हा शब्द घटनाकारांनी उगाच घातलेला नाही.

ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात विवेकाच्या कारणावरून उपचारात सहभाग नाकारण्याची मुभा आहे, पण स्त्रीचा जीव वाचवण्याची वेळ आली की ती मुभा संपते. ग्लासगोच्या दोन सुईणींनी असा दावा केला, की गर्भपाताच्या वेळी इतर परिचारिकांच्या कामावर देखरेख करणे हाही सहभागच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रत्यक्ष हाताने करायच्या कामातून सूट आहे, कामाची पाळी लावणे, देखरेख करणे यातून नाही. यातून प्रशिक्षणासाठी एक व्यवहार्य रेघ मिळते. हाताने करण्यातून मर्यादित सूट असावी. शिकण्यातून सूट असू नये. गर्भपातानंतरचा रक्तस्राव कसा ओळखायचा हे न शिकलेली परिचारिका रात्रपाळीला एकटी असेल, तर तिच्या श्रद्धेची किंमत दुसरीच बाई मोजेल.

आपल्या १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात अशी विवेकाची सवलत लिहिलेलीच नाही. लिहिलेली सवलत नाही म्हणून आपल्याकडे श्रद्धा आडवी येत नाही असे मात्र नाही. ती वेगळ्या रूपात येते. तालुक्याच्या दवाखान्यात पदराचे टोक बोटाला गुंडाळत एक बाई उभी असते. सिस्टर कागदावरून मान वर न करता विचारतात, "मिस्टर आलेत का सोबत? त्यांना घेऊन या, मग बघू." यात देवाचे नाव नाही, धर्मग्रंथ नाही, उघड नकारही नाही. सज्ञान स्त्रीला नवऱ्याच्या संमतीची कायद्याने गरज नाही, तरी ती परत जाते. पुन्हा येते तेव्हा आठवडे उलटलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात अशा कायद्याबाहेरच्या अटींवर बोट ठेवले आहे. आपल्या प्रशिक्षण संस्था फेसबुकवरची मते शोधत बसण्याऐवजी हे एक वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडून काढून टाकू शकल्या, तर मोठे काम होईल.

पोशाखाचा प्रश्न सोपा आहे

पोशाखावरून सर्वांत जास्त गदारोळ होतो आणि माझ्या मते तिथेच विचार करण्यासारखे सर्वांत कमी आहे. २०२३ च्या जूनमध्ये तिरुअनंतपुरमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या सात विद्यार्थिनींनी प्राचार्यांना पत्र लिहिले. ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण बाह्यांचे स्क्रब जॅकेट आणि डोके झाकणारे सर्जिकल हूड घालू द्यावे, अशी त्यांची मागणी होती. टीव्हीवर लगेच धर्मयुद्ध सुरू झाले. प्रश्न मात्र नळाखालचा होता. शस्त्रक्रियेपूर्वी नखांपासून कोपरापर्यंत हात घासतात. मग हात कोपरापेक्षा उंच धरतात, म्हणजे पाणी बोटांकडून कोपराकडे ओघळते आणि कोपरावरून खाली ठिबकते, उलट कधीच नाही. त्या ओघाच्या वाटेत कापडाची ओली कड आली, की जंतूंना वाट मिळते. म्हणून हात धुताना बाही नको. पण डोक्याला हूड घालण्यात काय अडचण आहे? थिएटरात डोके झाकायचेच असते. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०१० मध्ये मनगटाला आणि कोपराला इलॅस्टिक असलेल्या, एकदा वापरून टाकायच्या बाह्यांना परवानगी दिली. हात धुतल्यावर त्या चढवायच्या आणि रुग्ण बदलला की फेकायच्या. कारण शोधले की तोडगा सापडतो.

आपल्याकडे मंगळसूत्राबाबत असे तोडगे कुणालाही न विचारता निघतात. गाउनच्या आत टाकले, काम झाले. अनेक दवाखान्यांत स्वागतकक्षात गणपती असतो, खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, आणि त्याला कुणी 'धर्म कामावर आणणे' म्हणत नाही, संस्कृती म्हणतात. मला त्या पूजेबद्दल तक्रार नाही. पण "धर्म घरी ठेवा" हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या धर्माला उद्देशून बोलले जाते, एवढे तरी प्रामाणिकपणे मान्य करावे.

आक्षेप

पहिला आक्षेप : जसा विचार तशीच वागणूक होणार. हे खरे असते तर व्यावसायिक शिक्षणाला अर्थच उरला नसता. दारूला पाप मानणारे डॉक्टर यकृत खराब झालेल्या रुग्णांची सेवा करतात. शाकाहारी आहारतज्ज्ञ अंडी खायला सांगतात. मनातला निवाडा बाजूला ठेवून हात चालवणे ही शिकण्याजोगी विद्या आहे, आणि ती आली की नाही हे पर्यवेक्षणात, नोंदींत, प्रत्यक्ष भेटीत दिसते. तिथे शोधा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : ज्याच्याबद्दल विद्यार्थ्याने फेसबुकवर 'पापी' लिहिले, तोच उद्या त्याच्यासमोर क्लायंट म्हणून आला आणि त्याने ते वाचलेले असले तर? त्याचा विश्वास कसा बसावा? बसणार नाही, आणि याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्याजवळ नाही. इतके म्हणता येते, की मत कसे मांडावे यावर संस्था बंधने घालू शकते. व्यवसायाचे नाव लावून बोलू नये, व्यक्तीला लक्ष्य करू नये, हिणवू नये, हे सांगता येते. पण ते आधी सांगावे लागते. शेफील्डमध्ये विद्यापीठाने मार्ग दाखवण्याआधीच थेट टोकाची शिक्षा दिली, ही न्यायालयाची तक्रार होती आणि ती रास्त होती. विश्वास तुटण्याची भीती एवढ्या एकाच आधारावर लोकांना काढायला लागलो, तर उद्या नास्तिक डॉक्टरवर भाविक रुग्णांचा विश्वास नाही म्हणून त्यालाही काढावे लागेल.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि मला त्यानेच सर्वांत जास्त विचारात पाडले. एखादा विद्यार्थी धर्मग्रंथाचा हवाला देऊन अस्पृश्यतेचे समर्थन करू लागला तर? त्यालाही मतस्वातंत्र्य द्यायचे का? नाही. पण हे 'नाही' कुठून येते ते पाहा. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या ७ व्या कलमाने धार्मिक, ऐतिहासिक वा तत्त्वज्ञानाच्या आधारावर तिचे समर्थन करणे हासुद्धा गुन्हा ठरवला. ही रेघ समाजाने शतकांच्या अत्याचाराचा हिशेब मांडून, संसदेत, उघडपणे ओढली आहे. ती ओढण्याचा अधिकार पाच प्राध्यापकांच्या बंद दाराआडच्या समितीला नाही. समलैंगिकांविषयीच्या द्वेषासाठीही तशी रेघ हवी असे ज्यांना वाटते, त्यांनी ती कायद्यात मागावी. मी त्यांच्याबरोबर सही करीन. तोवर समितीने आपल्या मनाने ती ओढू नये.

नियम लिहिणाऱ्यांना

नर्सिंग, समाजकार्य, समुपदेशन, वैद्यक यांच्या संस्थांत जे लोक नियमपुस्तिका लिहितात, त्यांना माझी विनंती आहे. कोणत्या कामातून कुणालाही सूट मिळणार नाही हे प्रवेशाआधी छापा, शिक्षेच्या वेळी शोधू नका. अडचण वेळेत सांगणाऱ्या विद्यार्थ्याला गुन्हेगार समजू नका, नाहीतर पुढचा विद्यार्थी सांगणारच नाही आणि रुग्णासमोर जाऊन आठी घालील. आणि चौकशी समितीत एक खुर्ची रुग्णाच्या बाजूने बोलणाऱ्या माणसासाठी ठेवा. इप्सिलांटीच्या प्रकरणात विद्यार्थिनी बोलली, प्राध्यापक बोलले, वकील आणि न्यायाधीश बोलले. ज्याच्या फाइलवरून हे सगळे सुरू झाले, तो क्लायंट त्या खटल्यात पक्षकार नव्हता.